सुट्टीत पहिलं काम कसं शोधायचं: सोलापुरातल्या १४-१५ वर्षांच्या पोरापोरींसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलाचं वय १५, नववीची परीक्षा आत्ता संपली, राहायला कुंभारीकडं विडी घरकुलात म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, आई विड्या वळते, वडील लूमवर म्हणजे यंत्रमागावर. सुट्टीत काम करून दहावीच्या क्लासची फी निदान अर्धी तरी स्वतः काढायची आहे. मोबाईलवर जिथं फॉर्म भरायला जावं तिथं १८ पूर्ण पाहिजे म्हणतात आणि नवी पेठेत चार ठिकाणी विचारलं तर "लहान आहेस बाळा, नंतर ये" म्हणून परत पाठवलं, तर आता करायचं काय आणि या वयात काम करणं चालतं तरी का.

चालतं. पण कुठंही नाही आणि कितीही वेळ नाही. मी सोलापुरात युनिफॉर्मच्या धंद्यात आहे, आधी पॅकिंगला सुपरवायझर होते, आता दुकान आणि माल दोन्ही बघते, आणि दरवर्षी उन्हाळ्यात कामाला कोण घ्यायचं, त्यांना काय शिकवायचं आणि शनिवारी हप्ता म्हणजे आठवड्याचा पगार वाटायचा हे माझ्याकडंच असतं, त्यामुळं टेबलाच्या पलीकडून पोरं कशी दिसतात ते मला चांगलं माहितीय. म्हणून थोडं लांबण लावून सांगते, एका दमात नको वाचूस, आईला पण वाचून दाखव.

आधी कायदा, कारण तुला "नंतर ये" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना तो अर्धवट माहिती असतो आणि म्हणून ते घाबरतात. १९८६ चा बालकामगारांचा कायदा आहे, त्यात २०१६ ला मोठी दुरुस्ती झाली. १४ पूर्ण व्हायच्या आत कुणालाच कामाला ठेवता येत नाही, फक्त घरच्या धंद्याला शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत हातभार लावला तर चालतो, तेही काम धोक्याचं नसेल तरच. १४ ते १८ मधल्यांना किशोरवयीन धरतात आणि त्यांना काम करता येतं, पण खाणी, स्फोटक आणि पेट घेणारे पदार्थ, आणि धोक्याच्या प्रक्रिया म्हणून ज्यांची यादी आहे ते कारखाने, हे १८ पर्यंत बंद. म्हणजे तू १५ चा असशील तर कापडाच्या, पुस्तकाच्या, स्टेशनरीच्या दुकानात काम करणं बेकायदा नाही. ज्यानं हे मोडलं त्या मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २०,००० ते ५०,००० दंड किंवा दोन्ही, म्हणून भीती खरी आहे, त्याला नावं ठेवू नको. तू जन्मतारखेचा पुरावा हातात घेऊन गेलास की त्याची निम्मी भीती तिथंच जाते.

आणि वेळेचं नीट पाठ करून ठेव, हे तुला कोण सांगणार नाही. दिवसाला जास्तीत जास्त सहा तास, त्यात जेवणाची सुट्टी आणि कामाची वाट बघत बसून काढलेला वेळ पण धरायचा. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, मग किमान एक तास सुट्टी. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ मधे काम नाही. ओव्हरटाईम नाही. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी. एका दिवसात दोन ठिकाणी काम नाही. मालकानं तुझं नाव, जन्मतारीख, कामाचे तास रजिस्टरला लिहून ठेवायचे असतात.

आता इथंच खरी अडचण आहे बघ. पेठेत गिऱ्हाईक येतंय संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, सहा ते नऊ. मालकाला माणूस पाहिजे तेव्हा, आणि तुला कायद्यानं सातला घरी जायचंय. म्हणून तो नाही म्हणतो. पण मे महिन्यात दुपारचं काय होतं ते बघितलंयस का कधी, बाहेर ४२-४३ डिग्री, मोठी माणसं जेवायला म्हणून जातात ती तीन-साडेतीनशिवाय येत नाहीत, आणि नेमकं त्याच वेळेला अक्कलकोट, इंडी, आळंदकडनं एसटीनं आलेली माणसं दुकानात असतात, कारण त्यांना संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं असतं. तेव्हा काउंटरला कोण नसतं. तू जाऊन हेच बोल की मी साडेअकरा ते साडेपाच येतो, अडीचपर्यंत थांबतो, मग एक तास जेवण, मग परत साडेपाचपर्यंत. ज्या वेळेला त्याच्याकडं माणूस नाही तीच वेळ तू देतोयस म्हटल्यावर तो ऐकून घेतो. मी तरी घेते.

दुसरं, भाषा. तू विडी घरकुलातला म्हणजे घरात तेलुगू असणार, मराठी शाळेत, आणि कन्नड नसलं तरी चार वाक्यं येत असतील. हे तू कुणाला सांगितलंस का? पोरं सांगतच नाहीत, त्यांना वाटतं ह्यात काय एवढं. सोलापुरात चाटी गल्लीपासून मधल्या मारुतीपर्यंत कुठल्याही दुकानात तेलुगू-कन्नड बोलणारा पोरगा काउंटरला असला की गिऱ्हाईक दहा मिनिटं जास्त थांबतं. पुण्यातल्या पोराकडं नाही ते तुझ्याकडं आहे. दुकानात शिरल्यावर तिसऱ्या वाक्याला हे आलं पाहिजे.

जायचं कधी, तर सकाळी दुकान उघडताना अजिबात नको. भवानी झालेली नसते, मालक पूजा करत असतो, त्या वेळेला "काम आहे का" विचारलं तर नाहीच म्हणणार. संध्याकाळी गर्दीत पण नको. दुपारी तीन-साडेतीनला जा. एकटा आत जा. मित्र बाहेर उभे करून ठेवू नको, काचेतून दिसतात, आणि मालकाला वाटतं उद्या ही सगळी टोळी दुकानात येऊन बसणार. शर्ट धुतलेला, नखं कापलेली, हातात मोबाईल नको. आणि "काय पण काम द्या" असं म्हणू नको रे, लई पोरं असंच म्हणतात आणि मालकाला पुढं काय विचारावं तेच कळत नाही. असं बोल की, काका, मी नववी झालो, १५ पूर्ण आहे, हे आधार आणि शाळेचं बोनाफाईड, सुट्टी आहे तोवर दुपारचा येऊ शकतो, माल लावणं, घडी घालणं, मोजणं, बिलाला मदत करणं जमेल, तेलुगू येतं, जूनला शाळा चालू झाली की बंद करणार, उद्या आईला घेऊन येऊ का. एवढंच. ह्यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण जे पोरगं आईला आणायला तयार आहे ते लपूनछपून आलेलं नाही.

कुठं कुठं विचारायचं. युनिफॉर्मची दुकानं आणि पॅकिंग, कारण शाळेचे गणवेश शिवणं हा आपल्या सोलापुराचा मोठा धंदा आहे आणि मे-जूनमधे श्वास घ्यायला वेळ नसतो. वह्या-पुस्तकांची दुकानं, त्यांचा सीझन पण तोच. चादर-टॉवेलची होलसेल दुकानं, तिथं घडी, लेबल, पॅकिंग. साडीची दुकानं, तिथं दाखवलेल्या साड्या परत घडी घालायला माणूस कायम कमी. झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मची दुकानं, दहावीचा निकाल लागला की अकरावी, आयटीआयच्या फॉर्मला तिथं रांगा असतात, टायपिंग येत असेल तर तिथं पहिलं जा. पण हे सगळं मार्च-एप्रिलमधे विचारायचं, मेच्या मध्यावर गेलास तर जागा भरलेल्या. तुझी परीक्षा आत्ता संपलीय म्हणजे याच आठवड्यात.

ओळख नाही म्हणून अडून बसू नको. ओळख म्हणजे कुणी मोठा माणूसच लागतो असं नाही. वडील ज्या कारखान्यात लूमवर आहेत त्यांचा माल कुठल्या दुकानात जातो ते वडलांना माहिती असतं, तिथं "मी अमक्याचा मुलगा" एवढं पुरतं. शाळेतले शिपाईमामा, रिक्षावाले काका, क्लासच्या मॅडम, ह्यांना सगळ्यांना सांगून ठेव. वयाचा पुरावा सोडला तर पेठेत कागद बघून कोण घेत नाही, पोरगं कुणाचं आहे आणि उद्या आलं नाही तर कुणाला विचारायचं एवढंच बघतात.

आम्ही काय बघतो ते एक सांगते. नवीन पोरगं आलं की मी त्याला एक मिक्स लॉट देते, हाफ पँट, २२ पासून ३४ पर्यंतच्या साईज एकत्र झालेल्या, आणि म्हणते साईजप्रमाणे लाव आणि किती झाले सांग. कमरेच्या पट्टीला आतून साईजचं लेबल असतं, ते प्रत्येक पँटला उलटून बघावं लागतं. काही पोरं वरून अंदाजानं लावतात, ही मोठी दिसतीय ती छोटी दिसतीय, आणि भराभर आकडा सांगून मोकळी होतात. काही पोरं लेबल बघतात, दहा-दहाचे गठ्ठे करतात, मोजतात, परत एकदा मोजतात, आणि मग म्हणतात मावशी २८ मधे एक पीस कमी वाटतोय. मी त्यातला एक मुद्दाम काढून ठेवलेला असतो. वेगानं काय होत नाही, वेग पंधरा दिवसांत येतो. पण २८ च्या गठ्ठ्यात ३० गेला तर शाळेत पोराला ढगळ पँट जाते, पालक दुकानात भांडायला येतात आणि सगळा लॉट परत उघडावा लागतो. म्हणून कुठल्याही कामाला जा, पहिला आठवडा सावकाश आणि बरोबर.

आता माझं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं. मालक तुला बघून घेतोय तसं तू पण मालकाला बघून घे. पहिलं काम आहे म्हणून मिळेल ते गोड मानून घ्यायचं ही आपल्याकडची सवय मला अजिबात पटत नाही, कारण पहिल्या मालकाकडं जे बघतो तेच काम म्हणजे काय हे डोक्यात बसतं. तिथं पोरांना आईबहिणीवरून शिव्या देतात का, पाण्याची आणि लघवीची सोय आहे का, जुनी माणसं किती वर्षं टिकून आहेत, हप्ता वेळेवर होतो का, हे कामाला लागायच्या आधी तिथल्याच एखाद्या दादाला चहाच्या गाड्यावर विचार, खरं ते सांगतात. आणि पैशाचं पहिल्याच दिवशी विचारायचं, लाजायचं नाही. रोजावर की महिन्यावर, किती, कधी मिळणार, खाडा झाला तर किती कापणार, चहा-जेवण कुणाचं. "बघू, काम बघून देऊ" असं म्हणणाऱ्याकडं शिकायला म्हणून सुद्धा थांबू नको. घरकुलापासून पेठेपर्यंत जायला-यायला रिक्षाचे किती जातात ते पण त्यातून वजा करून बघ, कधीकधी जवळचं कमी पैशाचं काम हातात जास्त ठेवतं.

काही ठिकाणी पैसे जास्त मिळतील तरी जाऊ नको. लूम चालू असलेल्या शेडमधे नको, धोटा (मागात इकडून तिकडं धावतो तो) उडून लागलेला मी बघितलाय आणि तो आवाज दिवसभर कानावर घेऊन संध्याकाळी अभ्यास होत नाही. डाईंग (सूत रंगवणं), सायझिंग (सुताला खळ लावणं) नको, केमिकल आणि वाफ. रात्रीचा ढाबा नको, बार नको. फटाक्याचं गोडाऊन नको. आणि गाडी चालवायची डिलिव्हरी तर नकोच नको, १६ पूर्ण झाल्यावर फक्त ५० सीसीच्या आतल्या बिनगिअरच्या गाडीचं लायसन मिळतं, बाकीला १८ लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोरगं गाडी चालवताना सापडलं तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, आणि त्या पोराला वयाची २५ वर्षं होईपर्यंत लायसन नाही. मालक म्हणाला "जरा जवळच देऊन ये की ॲक्टिव्हा घेऊन", तर सरळ सांग मी चालत देऊन येतो.

आणि विडी. हे मला लिहावंच लागेल कारण आपल्याकडं निम्म्या घरात पोरांचं पहिलं काम हेच असतं, कुणी त्याला काम म्हणत पण नाही. आई हजार विड्यांचा हिशोब पुरा करायला बसलेली, तू शेजारी बसून पान कापतोस, धागा बांधतोस. आईला मदत करावी वाटते हे मला कळतं, मी त्या घरांतनं फिरलीय. पण तंबाखूची धूळ तुझ्या छातीत पण जाते. मदत करायचीच तर पाणी भर, भाकरी थाप, धाकट्यांना बघ, कारखान्यात विड्या द्यायला आईबरोबर जाऊन तिथं किती विड्या छाट म्हणजे खराब म्हणून बाजूला काढल्या ते लिहून ठेव. तंबाखूच्या सुपाजवळ बसू नको.

मोबाईलवरचं काम, घरबसल्या डेटा एन्ट्री, टेलिग्रामवर टास्क, व्हिडिओ लाईक करा आणि पैसे मिळवा, ह्यात आधी शंभर-दोनशे देतात आणि मग हजारो मागतात. काम देणारा तुझ्याकडून रजिस्ट्रेशन फी, आयडी कार्डचे पैसे, ट्रेनिंगचे पैसे मागत असेल तर ते काम नाही. तुझ्या खात्यात पैसे टाकतो, तू पुढं पाठव, कमिशन घे, असं म्हणणारा तुला चोरीच्या पैशात अडकवतोय. फसलास तर लगेच १९३० ला फोन करायचा, लाजून गप्प बसायचं नाही.

खातं मात्र स्वतःचं काढ. दहा वर्षांवरच्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावानं बचत खातं काढता येतं आणि चालवता येतं, बऱ्याच बँकांत पण. हप्ता रोखीनंच मिळणार, त्यातले थोडे आईला दे, बाकीचे त्याच दिवशी खात्यात टाक, नाहीतर फीसाठी म्हणून कमावलेले पैसे कुठं गेले ते जूनमधे कळत नाही.

कागदाचं. ओरिजिनल मार्कशीट, दाखला कुणाला द्यायचा नाही, झेरॉक्स द्यायची आणि त्यावर पेनानं तारीख आणि कशासाठी दिली ते लिहायचं. कोऱ्या कागदावर, बाँडवर सही करायची नाही, १८ च्या आत केलेला करार कायद्यात टिकत नाही पण त्या कागदानं घरच्यांना घाबरवतात. गल्ल्यावर एकटं बसायचं नाही, पैसे कमी आले की पहिलं नाव नवीन पोराचं येतं. आणि घरच्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, पोराच्या कामावर मालकाकडून उचल घेऊ नका. लूमवर बाकी म्हणजे मालकाकडून आगाऊ पैसे घेतले की माणूस कसा अडकतो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, पोराच्या नावानं उचल घेतली की पोरगं जूनला शाळेत जात नाही, ते फिटेपर्यंत तिथंच राहतं, आणि हे वेठबिगारीत मोडतं, १९७६ पासून त्यावर बंदी आहे.

हप्ता अडवला तर आधी आईवडलांना घेऊन शांतपणे माग, किती दिवस भरले ते तारखेसकट वहीत लिहिलेलं पाहिजे, म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेव. तरी नाही दिला, किंवा मारलं, अंगाला हात लावला, तर १०९८ ला फोन, तो मुलांसाठीच आहे आणि फुकट आहे. १८ च्या आतल्या मुलाला कामाला जखडून ठेवणं किंवा त्याची कमाई दाबून ठेवणं हा २०१५ च्या बाल न्याय कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैदेचा आणि एक लाख दंडाचा गुन्हा आहे. एवढं नुसतं माहिती असलं तरी बोलताना आवाज कापत नाही.

मुलींसाठी वेगळं थोडंच आहे. वेळ तीच, कायदा तोच. पहिल्यांदा जाताना मैत्रीण नको, आई किंवा मावशी बरोबर पाहिजे, आणि जिथं आधीपासून बायका कामाला आहेत तिथंच. फॉल-बिडिंग, मेहंदी, लहान मुलांच्या शिकवण्या हे घराजवळ होतं आणि चांगले पैसे देतं. गोडाऊनला एकटीला पाठवायला लागले तर दुसऱ्या दिवसापासून जायचं नाही, कारण पण द्यायचं नाही.

आता जूनचं बोलते, इथंच सगळ्यात जास्त पोरं घसरतात. शाळा सुरू होते तेव्हाच आमचा सीझन टिपेला असतो, मालक म्हणतो अजून पंधरा दिवस थांब, पगार वाढवतो. हातात दर शनिवारी पैसे यायला लागलेत, घरी मान मिळायला लागलाय, आणि शाळेत परत बाकावर बसायचं. पंधरा दिवसांचा महिना होतो, मग सर ओरडतील म्हणून जायचं नको वाटतं. अशी पोरं नंतर माझ्याकडं १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी बाहेरून देता येते का विचारायला येतात, येते, पण दिवसभर काम करून ते किती अवघड जातं ते त्यांच्या तोंडावर दिसतं. म्हणून शेवटची तारीख पहिल्याच दिवशी सांगून ठेव आणि आईला पण मालकासमोर सांगायला लाव. चांगला मालक स्वतःच शाळेत पाठवतो आणि दिवाळीच्या सुट्टीत ये म्हणतो.

दहावी झाल्यावर दारं बरीच उघडतात. विजापूर रोडचं सरकारी आयटीआय आहे, वयाची अट १४ पूर्ण एवढीच आणि काही ट्रेड तर आठवी पासवर पण आहेत. ॲप्रेंटिसशिप पण १४ पासून करता येते, धोक्याच्या उद्योगात मात्र १८, करारावर पालक सही करतात, आणि २०१९ च्या नियमांनी दहावी पासला महिन्याला किमान ६,००० स्टायपेंड ठरवून दिला. चिंचोळी आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत चौकशी करायला तेव्हा आत्ताचा अनुभव उपयोगी पडतो. म्हणून काम सोडताना मालकाकडून दुकानाच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून घे, कधी ते कधी काम केलं, काय काम केलं, वागणूक कशी होती, सही-शिक्का. बहुतेक मालक आनंदानं देतात, फक्त मागणारं पोरगं पाहिजे.

आता आधी एकच कर, उद्या शाळेत जा आणि जन्मतारखेसकट बोनाफाईड काढून घे. मे लागला की शाळेचं ऑफिस कधी उघडं असतं कधी बंद, क्लार्क निवडणुकीच्या नाहीतर बोर्डाच्या कामाला गेलेले असतात, आणि त्या एका कागदापायी अख्खा महिना जातो. दोन प्रती माग आणि एकीची झेरॉक्स काढून घरी ठेव.